एसएसडी आणि हार्ड डिस्क : कोणती फाइल कुठे ठेवावी?

एकाच संगणकात एसएसडी आणि हार्ड डिस्क अशा दोन्ही असतील, तर कोणती फाइल कुठे ठेवायची हे ठरवण्याची पहिली कसोटी म्हणजे ती फाइल कशी वाचली जाते. आकार, किंमत, जिव्हाळा या गोष्टी त्यानंतर येतात. ठिकठिकाणचे बारीक तुकडे वारंवार उचलावे लागतात असे सारे एसएसडीवर असावे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग वाचले जाणारे, किंवा महिनोन्‌महिने उघडलेच न जाणारे, हार्ड डिस्कवर जावे. बहुतेक घरांत आणि कार्यालयांत याच्या नेमके उलटे दिसते. जागा मोठी म्हणून सगळे हार्ड डिस्कवर ओतलेले असते, किंवा नवी एसएसडी बसवली त्या आठवड्यातच ती सिनेमे आणि लग्नाच्या व्हिडिओंनी भरून गेलेली असते.

तबकडी आणि चिप

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या सतत फिरत असतात आणि त्यांच्या पृष्ठभागाला न टेकता, केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी अंतरावरून वाचन-लेखन करणारे हेड सरकत असते. आयबीएमने १९५६ मध्ये आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आज साडेतीन इंची डिस्कमध्ये त्याच्या लाखो पट मजकूर बसतो, पण तत्त्व तेच राहिले आहे : हेड हव्या त्या वर्तुळावर न्यायचे आणि हवी ती जागा फिरत त्याच्याखाली येईपर्यंत थांबायचे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कचा एक फेरा ८.३ मिलिसेकंदांत पुरा होतो. सरासरीने अर्ध्या फेऱ्याची, म्हणजे चार मिलिसेकंदांहून थोडी अधिक, वाट पाहावी लागते. हेड सरकायला साधारण आठ-नऊ मिलिसेकंद लागतात. दोन्ही मिळून बारा-तेरा मिलिसेकंद झाले, म्हणजे सेकंदाला जेमतेम ८० ठिकाणी जाणे शक्य होते. लॅपटॉपमधल्या ५,४०० फेऱ्यांच्या डिस्कला तेवढेही जमत नाही.

सलग वाचन असेल तर हीच डिस्क सेकंदाला दीडशे मेगाबाइट सहज देते, कारण हेड एकदा जागेवर पोहोचले की पुढचा मजकूर आपोआप त्याच्याखालून जात राहतो. पण चार-चार किलोबाइटचे तुकडे विखुरलेल्या जागांवरून उचलायचे म्हटले, की हिशेब ८० गुणिले ४ असा होतो : सेकंदाला ३२० किलोबाइट. विंडोज सुरू होताना, अँटिव्हायरस तपासणी करताना किंवा अपडेट बसताना नेमके हेच काम चाललेले असते. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के व्यग्र दिसते आणि वेग मात्र सेकंदाला एखादा मेगाबाइट, हे जुन्या लॅपटॉपवरचे ओळखीचे दृश्य याच गणितातून येते. डिस्क बिघडलेली नसते. तिचा सारा वेळ ये-जा करण्यात जातो.

एसएसडीमध्ये फिरणारे काही नाही. मजकूर फ्लॅश चिपमध्ये विद्युतभाराच्या रूपाने साठलेला असतो आणि कोणत्याही जागेपर्यंत पोहोचायला मिलिसेकंदाचा दहावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी वेळ लागतो. विखुरलेल्या वाचनात ती हार्ड डिस्कपेक्षा शंभरपट किंवा त्याहून अधिक वेगवान ठरते. सलग वाचनात हा फरक एवढा नाही. साटा केबलने जोडलेली एसएसडी सेकंदाला साधारण ५५० मेगाबाइट देते, म्हणजे चांगल्या हार्ड डिस्कच्या तिप्पट-चौपट. एनव्हीएमई प्रकारच्या एसएसडी, ज्या बोटभर लांबीच्या पट्टीसारख्या थेट मदरबोर्डवर बसतात, त्या तिसऱ्या पिढीत ३,५०० तर चौथ्या पिढीत ७,००० मेगाबाइटपर्यंत जातात. खोक्यावर हेच मोठे आकडे छापलेले असतात. रोजच्या वापरात मात्र हार्ड डिस्कवरून साध्या साटा एसएसडीवर येताना जो फरक जाणवतो, त्याच्या पासंगालाही साटावरून एनव्हीएमईवर जाण्याचा फरक पुरत नाही. बजेट आखडते असेल तर वेगाच्या आकड्यापेक्षा जागेकडे पाहावे.

एसएसडीला दोन मर्यादा आहेत आणि फाइलींच्या वाटणीवर दोन्हींचा परिणाम होतो. फ्लॅश चिपमध्ये लिहिले जाते ते काही किलोबाइटच्या पानावर, पण पुसता येतो तो शेकडो पानांचा अख्खा ठोकळा. जुन्या मजकुरावर थेट नवा मजकूर लिहिता येत नाही. म्हणून आतला कंट्रोलर सतत मोकळ्या पानांच्या शोधात असतो, चांगली पाने उचलून दुसरीकडे हलवतो आणि ठोकळे रिकामे करतो. डिस्क काठोकाठ भरली की त्याला हलायला जागा उरत नाही आणि लेखनाचा वेग कोसळतो. एसएसडीचा पंधरा-वीस टक्के भाग नेहमी मोकळा ठेवावा असे म्हणतात ते यासाठी. दुसरी मर्यादा आयुष्याची. प्रत्येक पेशी ठराविक वेळाच पुसली जाऊ शकते. मात्र या भीतीचा बाजारात अवाजवी बाऊ केला जातो. ५०० जीबीच्या अनेक चांगल्या एसएसडींवर कंपनी ३०० टेराबाइट लेखनाची हमी देते. रोज ३० जीबी लिहिले, आणि सामान्य वापरात तेवढे क्वचितच होते, तरी ती मर्यादा गाठायला सत्तावीस वर्षे लागतील. त्याआधी संगणकच मोडीत निघेल.

एसएसडीवर काय असावे

सर्वप्रथम कार्यप्रणाली, म्हणजे विंडोज किंवा लिनक्स, आणि त्यासोबत सर्व सॉफ्टवेअर. संगणक ‘नव्यासारखा’ वाटू लागतो तो एवढ्यानेच. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने किमान ६४ जीबी जागेची अट घातली आहे, पण ती नावापुरतीच. मोठ्या अपडेटनंतर जुनी आवृत्ती दहा दिवस सांभाळून ठेवली जाते, हायबरनेशनची फाइल मुळात रॅमच्या ४० टक्के एवढी असते, ब्राउझर आणि ऑफिस आपापली जागा घेतात. २५६ जीबीच्या खाली एसएसडी घेऊन समाधान मिळत नाही. शिवाय कंपन्या दशमान पद्धतीने मोजतात आणि विंडोज द्विमान पद्धतीने, त्यामुळे २५६ जीबीची डिस्क संगणकात २३८ दिसते आणि ५०० जीबीची ४६५. दुकानदाराने फसवले असे समजून भांडायला जाण्याचे कारण नाही.

यूजरच्या फोल्डरमध्ये दडलेला अ‍ॅपडेटा नावाचा फोल्डरही एसएसडीवरच राहू द्यावा. ब्राउझरची तात्पुरती साठवण म्हणजे कॅशे, ई-मेलचा साठा, प्रत्येक प्रोग्रॅमच्या बारीकसारीक नोंदी यात असतात आणि त्या दिवसभर वाचल्या-लिहिल्या जातात. ‘एसएसडी झिजू नये’ म्हणून ब्राउझरची कॅशे किंवा विंडोजची पेजफाइल हार्ड डिस्कवर हलवण्याचा सल्ला अजूनही हौशी मंडळी एकमेकांना देतात. पेजफाइल म्हणजे रॅम अपुरी पडल्यावर डिस्कवर घेतलेली उसनी जागा. मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी २००९ मध्ये, विंडोज ७ च्या वेळी, मोजणी करून सांगितले होते की या फाइलीतून वाचन लेखनाच्या सुमारे ४० पट होते आणि ते वाचन बहुतांशी लहान तुकड्यांचे असते. एसएसडीला याहून योग्य काम नाही. हा सल्ला मानणारे एसएसडी वाचवत नाहीत, संगणक मंद करतात.

त्यानंतर येतो तो डेटाबेस स्वरूपाचा मजकूर. टॅलीसारख्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा, आउटलुकची मेलपेटी, दवाखान्यातल्या किंवा दुकानातल्या बिलिंग सॉफ्टवेअरचा साठा, व्हर्च्युअल मशिनच्या फाइली हे सारे आकाराने लहान असो वा मोठे, एसएसडीवर असावे. एका व्हाउचरची नोंद करताना सॉफ्टवेअर खातेवही, स्टॉक, कर अशा अनेक जागी हात घालते. मार्चअखेरीस वर्षभराचा ताळेबंद काढताना होणारा खोळंबा कमी करायचा असेल तर महागडा प्रोसेसर घेण्याआधी हा डेटा कुठे आहे ते पाहावे. प्रोग्रॅमरांच्या कामाच्या फोल्डरांनाही हेच लागू आहे. एखाद्या वेब प्रकल्पात चार ओळींच्या हजारो फाइली असतात आणि हार्ड डिस्कवर असा फोल्डर नुसता पुसून टाकायलाही बराच वेळ लागतो.

छायाचित्रकारांच्या बाबतीत वाटणी जरा नाजूक होते, आणि तिथेच तिचा फायदा सर्वांत जास्त आहे. लाइटरूम क्लासिकसारख्या सॉफ्टवेअरमध्ये कॅटलॉग वेगळा असतो, झटपट पाहण्यासाठीची लहान चित्रे वेगळी आणि मूळ रॉ फाइली वेगळ्या. कॅटलॉग आणि लहान चित्रे एसएसडीवर ठेवली तर हजारो फोटोंमधून सरकणे, शोधणे, निवडणे झपाट्याने होते. मूळ फाइली हार्ड डिस्कवर असल्या तरी फारसे अडत नाही, कारण एका वेळी पंचवीस-पन्नास मेगाबाइटची एखादीच फाइल सलग वाचली जाते. लग्नसराईत काम करणाऱ्या स्टुडिओसाठी व्यवहार्य पद्धत अशी की चालू ऑर्डर पूर्णपणे एसएसडीवर ठेवावी आणि अल्बम ग्राहकाच्या हाती गेला की मूळ फाइलींचा फोल्डर लाइटरूमच्या आतूनच हार्ड डिस्कवर ओढावा. विंडोजमधून परस्पर हलवला तर कॅटलॉगला फोटो सापडत नाहीत आणि प्रत्येक फोल्डर पुन्हा दाखवून द्यावा लागतो. व्हिडिओ संकलनातही कॅशे, प्रॉक्सी (संकलनापुरत्या हलक्या प्रती) आणि चालू प्रकल्प एसएसडीवर असावेत, पूर्ण झालेले प्रकल्प हार्ड डिस्कवर जावेत.

हार्ड डिस्कच्या वाट्याचे

सिनेमे, गाणी, जुने फोटो, व्याख्यानांची ध्वनिमुद्रणे, स्कॅन केलेली पुस्तके, सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलर फाइली, जुन्या वर्षांची कागदपत्रे आणि बॅकअप. फोरके ब्लू-रे डिस्कवरचा सिनेमा जास्तीत जास्त सेकंदाला १२८ मेगाबिट, म्हणजे १६ मेगाबाइट, एवढ्या वेगाने वाचला जातो. सर्वांत संथ हार्ड डिस्कही याच्या कित्येक पट देते. एसएसडीवर ठेवलेला सिनेमा अधिक स्पष्ट दिसत नाही किंवा लवकर संपत नाही. गाण्यांची गरज तर त्याच्या शेकडो पट कमी.

फोटोंचा फोल्डर हार्ड डिस्कवरून पहिल्यांदा उघडताना लघुचित्रे हळूहळू उमटतात, एवढी एक गैरसोय आहे. पण विंडोज ती लघुचित्रे सी ड्राइव्हवरच्या आपल्या साठ्यात जपून ठेवते, त्यामुळे पुढच्या वेळी ती चटकन दिसतात. दुसरी गैरसोय विसाव्याची. विंडोजच्या नेहमीच्या सेटिंगनुसार काही वेळ न वापरलेली हार्ड डिस्क फिरायची थांबते आणि पुन्हा वेग घ्यायला तिला काही सेकंद लागतात. त्या वेळात फोल्डरची खिडकी गोठल्यासारखी वाटते. डेस्कटॉपचा फोल्डर हार्ड डिस्कवर हलवू नये तो यासाठी. त्यावरची प्रत्येक लहानशी हालचाल झोपलेल्या डिस्कला जागे करत बसते.

हार्ड डिस्क विकत घेताना एक बाब वेष्टनावर ठळकपणे लिहिलेली नसते. काही डिस्कमध्ये मजकुराचे पट्टे छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवून लिहिले जातात. या पद्धतीला एसएमआर म्हणतात आणि वेगवेगळ्या पट्ट्यांच्या जुन्या पद्धतीला सीएमआर. एसएमआरमुळे तेवढ्याच तबकडीवर जास्त मजकूर बसतो, पण मधलाच एखादा पट्टा बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. काही मॉडेल या पद्धतीची आहेत हे कंपन्यांनी ग्राहकांना सांगितलेच नव्हते, यावरून २०२० मध्ये मोठा गदारोळ झाला आणि त्यानंतर तपशील जाहीर होऊ लागले. एकदा लिहून ठेवायच्या संग्रहासाठी एसएमआर डिस्क चालते. रोज बदलणाऱ्या फाइली, सीसीटीव्हीचे चित्रीकरण किंवा अनेक डिस्क जोडलेली रेड व्यवस्था असेल तर सीएमआरच घ्यावी.

हाच प्रकार एसएसडीतही वेगळ्या रूपात आढळतो. एका पेशीत चार बिट साठवणाऱ्या क्यूएलसी एसएसडी स्वस्त असतात आणि सुरुवातीला वेगवानही वाटतात, कारण लिहिलेले आधी एका जलद राखीव भागात जाते. शंभर-दीडशे जीबीचा फोल्डर एकदम टाकला आणि तो भाग भरला, की काहींचा वेग हार्ड डिस्कच्याही खाली घसरतो. घरगुती वापरात हे क्वचितच जाणवते. रोज मोठमोठे व्हिडिओ उतरवून घेणाऱ्याने तीन बिटांची टीएलसी एसएसडी घ्यावी.

मधल्या प्रदेशातल्या फाइली

गेमबद्दल पूर्वी सरसकट ‘हार्ड डिस्कवर टाका’ असे सांगितले जाई. आता ते खरे राहिले नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या स्टारफील्ड या गेमने किमान गरजांमध्येच एसएसडीची आणि १२५ जीबी जागेची अट घातली. सायबरपंक २०७७ नेही त्याच वर्षी हार्ड डिस्कचा पाठिंबा काढून घेतला. प्लेस्टेशन ५ मध्ये तर ही वाटणी सक्तीचीच आहे. त्याचे गेम बाहेरच्या यूएसबी डिस्कवर साठवता येतात, खेळता येत नाहीत. प्लेस्टेशन ४ चे मात्र तिथूनही खेळता येतात. संगणकावर स्टीममध्ये दोन लायब्ररी करून चालू गेम एसएसडीवर आणि बाकीचे हार्ड डिस्कवर ठेवावेत. गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन इन्स्टॉल फोल्डर हलवण्याची सोय आहे आणि डाउनलोड पुन्हा करण्यापेक्षा ते पुष्कळ स्वस्तात पडते.

डाउनलोड्सचा फोल्डर म्हणजे बहुतेक संगणकांवरचा उकिरडा. त्यात दोनदा उतरवलेले पीडीएफ, वापरून झालेले इन्स्टॉलर आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे व्हिडिओ असतात. तो हार्ड डिस्कवर हलवणे सोयीचे आहे, पण आवश्यक नाही. दर महिन्याला साफ करणाऱ्याने तो एसएसडीवर ठेवायला हरकत नाही. डॉक्युमेंट्सचा फोल्डर बहुधा काही जीबींचाच असतो. वर्डच्या, एक्सेलच्या फाइली रोज लागतात, जागा नगण्य घेतात, तेव्हा तो एसएसडीवरच असावा. फक्त त्याची प्रत हार्ड डिस्कवर हवी.

विंडोजमध्ये प्रत्यक्ष हलवाहलव

आधी जागा कुठे गेली ते पाहावे. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात स्टोरेज उघडले की ढोबळ चित्र मिळते. फोल्डरवार बारकावा हवा असेल तर विझट्री किंवा विनडिरस्टॅट ही मोफत सॉफ्टवेअर उपयोगी पडतात. संगणकात एसएसडी नक्की आहे का, हेही अनेकांना ठाऊक नसते. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स विभागात प्रत्येक डिस्कखाली एसएसडी किंवा एचडीडी असे लिहिलेले असते.

इथे आपल्याकडच्या एका सवयीबद्दल सांगणे भाग आहे. संगणक जोडून देणारा एकाच डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडून देतो आणि ‘महत्त्वाचे डीमध्ये ठेवा’ असे बजावतो. विंडोज पुन्हा टाकताना सी पुसला जातो आणि डी वाचतो, एवढ्यापुरता त्यात अर्थ आहे. पण डिस्कच बंद पडली तर तिन्ही भाग एकदम जातात, आणि वेगातही काही फायदा होत नाही. डी ही वेगळी डिस्क आहे की त्याच डिस्कचा तुकडा, हे डिस्क मॅनेजमेंटमध्ये पाहून मगच पुढचे नियोजन करावे.

पिक्चर्स, व्हिडिओज, म्युझिक, डाउनलोड्स या फोल्डरांवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये लोकेशन हा भाग उघडावा आणि तिथे नवी जागा द्यावी. विंडोज जुन्या फाइली हलवण्याची परवानगी विचारते. ती दिली की पुढे सर्व सॉफ्टवेअर नव्या जागेलाच ते फोल्डर मानतात. आधी हार्ड डिस्कवर त्या त्या नावाचा रिकामा फोल्डर करून तोच निवडावा. नुसता डी ड्राइव्ह निवडला तर अख्खा ड्राइव्हच ‘पिक्चर्स’ बनून बसतो आणि तो पूर्ववत करताना नाकी नऊ येतात. वनड्राइव्हने डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स आधीच आपल्या ताब्यात घेतले असतील, तर वनड्राइव्हच्या सेटिंग्जमधून तो बॅकअप थांबवून मगच जागा बदलावी. स्टोरेजच्या सेटिंग्जमध्ये नवा मजकूर कुठे साठवायचा याचाही पर्याय आहे, पण तो फक्त पुढे येणाऱ्या फाइलींना लागू होतो, जुन्या हलत नाहीत.

प्रोग्रॅम फाइल्समधला फोल्डर कापून दुसरीकडे चिकटवू नये. सॉफ्टवेअरच्या नोंदी रजिस्ट्रीत जुन्या पत्त्यावरच राहतात आणि ते चालेनासे होते. काढून पुन्हा इन्स्टॉल करणे हाच सरळ मार्ग. संपूर्ण यूजर्स फोल्डर हार्ड डिस्कवर नेण्याच्या युक्त्या सांगितल्या जातात, त्याही टाळाव्यात. पुढच्या मोठ्या अपडेटला त्या हमखास आड येतात. काही सॉफ्टवेअर जागा बदलण्याची मुभाच देत नाहीत. आयट्यून्स आयफोनचा बॅकअप सी ड्राइव्हवरच घेते आणि तो पन्नास-शंभर जीबींचा होऊ शकतो. अशा वेळी तो फोल्डर हार्ड डिस्कवर हलवून जुन्या जागी जंक्शन, म्हणजे नव्या पत्त्याकडे वळवणारी जोड, तयार करावी. सॉफ्टवेअरला फरक कळत नाही. मात्र ती हार्ड डिस्क नेहमी जोडलेली आणि तिचे ड्राइव्हचे अक्षर कायम राहिले पाहिजे.

नव्या एसएसडीवर विंडोज टाकताना हार्ड डिस्कची केबल काढून ठेवावी. दोन डिस्क दिसल्या तर इन्स्टॉलर संगणक सुरू करण्याचा छोटा विभाग कधीकधी दुसऱ्याच डिस्कवर टाकतो. वर्षा-दोन वर्षांनी ती हार्ड डिस्क बदलली की एसएसडी धडधाकट असूनही विंडोज सुरू होत नाही. जुन्या लॅपटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्हच्या जागी कॅडी, म्हणजे डिस्क धरणारी चौकट, बसवून दुसरी डिस्क घालता येते. तिथे एसएसडी मूळ खाचेत आणि हार्ड डिस्क कॅडीत असावी, कारण अनेक लॅपटॉपमध्ये डीव्हीडीच्या खाचेचा वेग कमी असतो. डीफ्रॅगमेंटेशनची चिंता करण्याची गरज उरलेली नाही. विंडोज हार्ड डिस्कला डीफ्रॅगमेंट करते आणि एसएसडीला प्रामुख्याने ट्रिमची सूचना देते, म्हणजे कोणती पाने आता निरुपयोगी आहेत ते कळवते. हे आपोआप चालते, ते बंद करू नये.

लिनक्सवर वाटणी अधिक सोपी आहे. रूट विभाग आणि होम फोल्डरमधल्या लपलेल्या सेटिंग्ज एसएसडीवर ठेवून फक्त मोठे फोल्डर हार्ड डिस्कवर नेऊन जोडावेत.

ही सारी वाटणी यंत्राने आपणहून करावी असे प्रयत्नही झाले. अ‍ॅपलने २०१२ मध्ये फ्यूजन ड्राइव्ह आणली, त्यात १२८ जीबी एसएसडी आणि हार्ड डिस्क मिळून एकच डिस्क दिसे आणि जास्त वापरातल्या फाइली आपोआप एसएसडीवर सरकत. इंटेलने हार्ड डिस्कपुढे लहान ऑप्टेन चिप बसवण्याची पद्धत काढली आणि २०२२ मध्ये तो व्यवसाय गुंडाळत असल्याचे जाहीर केले. एसएसडी स्वस्त झाल्यावर या मधल्या वाटांची गरज संपली. शिवाय फ्यूजन ड्राइव्हसारख्या रचनेत दोन्हींपैकी एक डिस्क गेली तरी सगळा मजकूर धोक्यात येतो.

जपणूक

वेगाची वाटणी आणि सुरक्षितता हे वेगळे प्रश्न आहेत. फाइल एसएसडीवरून हार्ड डिस्कवर हलवली म्हणजे तिचा बॅकअप झाला असे नाही. ती आधीही एकाच ठिकाणी होती आणि आताही एकाच ठिकाणी आहे. हार्ड डिस्क मरण्याआधी बऱ्याचदा खटखट आवाज किंवा खराब सेक्टर अशी चिन्हे दाखवते आणि तिच्यावरचा मजकूर तज्ज्ञांना काही प्रमाणात परत मिळवता येतो. एसएसडी अनेकदा एका क्षणी दिसेनाशीच होते. ट्रिममुळे तिच्यावरून पुसलेली फाइल परत मिळण्याची आशाही फारशी नसते. म्हणून एसएसडीवरच्या कामाच्या फोल्डरांची प्रत विंडोजच्या फाइल हिस्टरीसारख्या सोयीने हार्ड डिस्कवर रोज पडावी अशी व्यवस्था करावी. ही हार्ड डिस्क आतली असेल तर विजेचा झटका किंवा खंडणीखोर व्हायरस दोन्ही डिस्क एकत्रच घेऊन जाऊ शकतो. तेव्हा आणखी एक प्रत बाहेरच्या डिस्कवर असावी, आणि काम झाल्यावर ती डिस्क काढून ठेवावी. वीज वारंवार जाते अशा गावांत डेस्कटॉपला यूपीएस हवाच. लिहीत असताना वीज गेलेली दोन्ही प्रकारच्या डिस्कना मानवत नाही.

कपाटात ठेवून द्यायच्या संग्रहासाठी एसएसडी वापरू नये. चिपमधला विद्युतभार वीज नसताना हळूहळू गळतो. घरगुती एसएसडीसाठीच्या जेडेक मानकानुसार, लेखनाची पूर्ण मर्यादा गाठलेल्या डिस्कने ३० अंश सेल्सिअस तापमानात वीज नसताना एक वर्ष मजकूर टिकवावा, एवढीच अपेक्षा आहे. नवी डिस्क त्याहून बराच काळ टिकवते, पण तापमान वाढले की मुदत घटते, आणि चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात बंद कपाट ३० अंशांवर राहत नाही. हार्ड डिस्कवरचे चुंबकीय लेखन याबाबतीत अधिक भरवशाचे आहे. तीही सहा महिन्यांतून एकदा जोडून, दोन-चार फाइली उघडून पाहाव्यात. जोडताना निळ्या यूएसबी ३ खाचेतच जोडावी, जुन्या यूएसबी २ मध्ये सेकंदाला चाळीस मेगाबाइटही मिळणे कठीण.

एका टेराबाइटमागे हार्ड डिस्क अजूनही पुष्कळ स्वस्त पडते, म्हणून दोन्हींची जोडी टिकून आहे. पण ती प्रत्येकाला लागतेच असे नाही. फोटो, कागदपत्रे आणि थोडेफार व्हिडिओ मिळून ज्यांचा पसारा पाच-सहाशे जीबींच्या आत आहे, त्यांनी १ टेराबाइटची एकच एसएसडी घ्यावी, आत हार्ड डिस्क बसवूच नये आणि त्या डिस्कचे पैसे बॅकअपसाठीच्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर खर्च करावेत.